जीडीआय इंजिनात पोर्टमधून इथेनॉल: काजळीचे कण कमी करण्याची टेस्ट बेंचवरची पद्धत

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी जीडीआय इंजिनं आता आपल्याकडच्या छोट्या टर्बो गाड्यांतही दिसतात. ताकद आणि मायलेज दोन्ही चांगलं मिळतं, पण काजळीच्या कणांच्या बाबतीत ती जुन्या पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरच्या बाहेर हवेच्या वाटेत इंधन सोडणाऱ्या, इंजिनांपेक्षा मागे पडतात. कारण वेळेचं आहे. २००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १२ अंश फिरतो. टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वरच्या टोकाला असण्याच्या क्षणाच्या, ३०० अंश आधी फवारणी सुरू केली तरी टीडीसीपर्यंत जेमतेम २५ मिलिसेकंद हाती राहतात. तेवढ्यात वाफ न झालेलं पेट्रोल पिस्टनच्या माथ्यावर आणि लायनरवर ओलं राहतं. ज्योत त्यावरून जाते तेव्हा हा थर पुरेशा हवेअभावी धुमसत जळतो आणि काजळी तिथेच तयार होते.

बीएस-६ नियमांत थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना किलोमीटरमागे ६० हजार कोटी कणांची मर्यादा आहे. पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांना कणसंख्येची मर्यादाच नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसी चाचणीत कण मोजलेच जात नाहीत, त्यामुळे पीयूसी पास झाली म्हणजे काजळी कमी आहे असं समजू नका.

इथेनॉल इथे कामी येतं, पण फक्त टाकीत ओतून भागत नाही. इथेनॉलचा वाटा किती यापेक्षा ते कुठून आणि कधी आत जातं यावर कण जास्त अवलंबून असतात. खालची पद्धत त्याच तत्त्वावर उभी आहे. डायनो (इंजिनावर लोड देऊन ताकद मोजणारं यंत्र), मोकळा म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) आणि कणमापक असलेल्या महाविद्यालयीन किंवा औद्योगिक प्रयोगशाळेसाठी ती लिहिली आहे. रस्त्यावरच्या गाडीवर ती करू नये. गाडीची मान्यता, वॉरंटी आणि विमा तिन्ही अडचणीत येतात, आणि डिकीत इथेनॉलची वेगळी टाकी ठेवणं सरळसरळ धोकादायक आहे.

इथेनॉल नेमकं काय करतं

इथेनॉलच्या वजनात जवळपास ३५ टक्के ऑक्सिजन असतो, आणि त्याच्या रेणूत कार्बन-कार्बन असा एकच बंध असतो. काजळीची सुरुवात ज्या बेंझिनसारख्या वलयांपासून होते ती इथेनॉलमधून सहज बनत नाहीत. पेट्रोलमधल्या जड अॅरोमॅटिक घटकांतून मात्र ती आयती मिळतात. होंडाच्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेला ‘पीएम इंडेक्स’ याच गोष्टीवर बेतलेला आहे: घटक जितका असंतृप्त आणि त्याचा बाष्पदाब जितका कमी, तितका त्याचा काजळीतला वाटा मोठा. पेट्रोलच्या शेवटच्या काही टक्क्यांतले, नऊ-दहा कार्बनचे जड घटक या हिशोबात सगळ्यांत महागात पडतात.

मग पेट्रोलमध्येच २० टक्के इथेनॉल घातलं की काम झालं, असं वाटेल. तसं होत नाही. इथेनॉलची वाफ करायला किलोमागे सुमारे ९०० किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलला साधारण ३५०. एकाच थेंबात दोन्ही असतील तर इथेनॉल ७८ अंशांच्या आतच हलके घटक बरोबर घेऊन उडून जातं, थेंब थंड पडतो, आणि जड अॅरोमॅटिक घटक त्या गार थेंबात एकटे मागे राहतात. ते पिस्टनवर आणखी वेळ ओले राहतात. म्हणून थेट इंजेक्शनमध्ये ई१० किंवा ई२० (१० किंवा २० टक्के इथेनॉलचं मिश्रण) दिल्यावर कधी कण घटतात, कधी जैसे थे राहतात, आणि इंजिन गार असताना किंवा मोठ्या लोडवर कधी वाढतातही. ई८५ पर्यंत गेलं की घट ठळक दिसते, कारण काजळी करणारा माल मुळातच थोडा उरतो.

दोन इंधनं वेगवेगळ्या वाटांनी दिली, पेट्रोल थेट आणि इथेनॉल पोर्टमधून, की हा पेच सुटतो. थेट इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल कमी झालं की फवारा छोटा होतो, पिस्टनपर्यंत कमी पोहोचतो, आणि इथेनॉलची वाफ गरम इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर आधीच झालेली असते.

उलटी मांडणीही आहे: पेट्रोल पोर्टमधून, इथेनॉल थेट. एमआयटीतल्या डॅनियल कोन, लेस्ली ब्रॉमबर्ग आणि जॉन हेवूड यांनी नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठोठावणी) रोखण्यासाठी ती पुढे आणली. सिलिंडरमधल्या गारव्याचा पूर्ण फायदा तिथे मिळतो. पण त्यासाठी उच्चदाब पंप, रेल आणि इंजेक्टर इथेनॉलवर टिकणारे हवेत, आणि इथेनॉलचं वंगणपण पेट्रोलहून कमी असल्याने पंपाची झीज लवकर होते. पहिल्यांदा काम करणाऱ्यांनी पोर्टमधून इथेनॉल हीच वाट धरावी असं आमचं स्पष्ट मत आहे. मूळ उच्चदाब यंत्रणेला हातही लावावा लागत नाही.

आधी इंधन तपासा

पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल मिश्रणाचे देशातले पहिले पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीला झाले. तिथून निघालेला कार्यक्रम २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि पुढे २० टक्क्यांवर पोहोचला. त्यामुळे पंपावरचं पेट्रोल ‘शून्य इथेनॉल’ धरून केलेली तुलना पहिल्याच पायरीला चुकते. मूळ चाचणीसाठी इथेनॉलविरहित संदर्भ पेट्रोल मिळवा. ते मिळालं नाही तर निदान हातातल्या पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते मोजा:

१. १०० मिलिलिटरच्या बुच असलेल्या मोजपात्रात ४० मिलिलिटर पाणी घ्या.
२. १०० च्या रेषेपर्यंत पेट्रोल ओता, म्हणजे ६० मिलिलिटर.
३. बुच लावून मिनिटभर हलवा, मध्येमध्ये बुच सैल करून दाब सोडा.
४. दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो.

खालचा थर ५२ वर आला तर १२ मिलिलिटर वाढ, म्हणजे ६० मध्ये १२, ई२०. पाणी आणि इथेनॉल मिसळल्यावर एकूण आकारमान थोडं आकसतं, म्हणून प्रत्यक्षात ई२० साठी रेषा ५१ च्या आसपास दिसते. अचूक आकडा हवा असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीला पर्याय नाही, पण बॅच चुकीची आली का हे ओळखायला एवढं पुरेसं आहे.

पोर्टच्या टाकीसाठी निर्जल इथेनॉल घ्या. बाजारात मिळणाऱ्या रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. वेगळ्या टाकीत पाणी आणि पेट्रोल वेगळे होण्याचा प्रश्नच येत नसल्याने ते तत्त्वतः चालतं, ब्राझीलमध्ये पाणीयुक्त इथेनॉलवर गाड्या वर्षानुवर्षं धावतात. पण पाण्याबरोबर आम्ल आणि क्षारही येतात, आणि इंजेक्टर गंजतो. पहिल्या फेरीत निर्जलच वापरा. पिरिडीन वगैरे घालून विकृत केलेलं स्पिरिट अजिबात नको.

तुलनेसाठी ई४० चं मिश्रणही लागेल, ते कशासाठी ते पुढे येईल. २० लिटर ई४० करायला इथेनॉलविरहित पेट्रोल असेल तर १२ लिटर पेट्रोल आणि ८ लिटर इथेनॉल. हातात ई२० असेल तर १५ लिटर ई२० आणि ५ लिटर इथेनॉल. मोजणी वजनावर करा, तापमानाचा घोळ टळतो. २० अंशांना ८ लिटर इथेनॉल म्हणजे ६.३१ किलो. पेट्रोलची घनता बॅचप्रमाणे बदलते, ती हायड्रोमीटरने त्याच वेळी पाहा.

आग

इथे घाई करू नका. बंद टाकीत पेट्रोलवरची वाफ नेहमीच्या तापमानाला इतकी दाट असते की टाकीच्या आत ती पेट घेत नाही. शुद्ध इथेनॉलचं तसं नाही. साधारण १३ ते ४० अंशांत, म्हणजे पुण्यात जवळपास वर्षभर, टाकीतल्या मोकळ्या जागेतलं मिश्रण नेमकं पेटण्याच्या पट्ट्यात असतं. म्हणून टाकी धातूची, अर्थिंग केलेली, व्हेंटवर फ्लेम अरेस्टर बसवलेली हवी. ओतताना दोन्ही भांडी तारेने जोडा. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते आणि उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे हवा थरथरताना दिसली किंवा उष्णता जाणवली तरी आग आहे असंच समजा. जवळ अल्कोहोलरोधक फोम आणि ड्राय पावडर ठेवा. साधा फोम इथेनॉलवर विरून जातो. साठवणुकीच्या परवानगीचं काम महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आधीच मार्गी लावा, पेट्रोलच्या साठ्याचे नियम त्याशिवाय वेगळे आहेत.

मात्रा काढणे

उदाहरणाला १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन घेऊ. मॅनिफोल्डचा दाब १०० किलोपास्कल, हवा ४० अंश, भरण ९० टक्के. एका सिलिंडरमध्ये एका चक्रात सुमारे ३०० मिलिग्रॅम हवा येते. पूर्ण जळायला एका भाग पेट्रोलला १४.६ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणून नुसत्या पेट्रोलसाठी १४.६ ने भागा: २०.५ मिलिग्रॅम.

आता एक सोय लक्षात घ्या. एक किलो हवेत पेट्रोल जाळलं तर साधारण २.९५ मेगाज्यूल मिळतात, इथेनॉल जाळलं तर २.९८. फरक नगण्य आहे. म्हणजे ऊर्जेचे ३० टक्के इथेनॉलकडून हवे असतील तर सरळ हवेचे ३० टक्के इथेनॉलला द्या. ९० मिलिग्रॅम हवेला ९ ने भागलं की इथेनॉल १० मिलिग्रॅम. उरलेल्या २१० मिलिग्रॅम हवेला पेट्रोल १४.४ मिलिग्रॅम. आकारमानात पाहिलं तर हे ई४० च्या बरोबरीचं आहे. वाटा नेहमी ऊर्जेत लिहा. कुणी टक्के वजनात, कुणी आकारमानात लिहिले की नंतर वहीतले आकडे जुळवता जुळत नाहीत.

इंजेक्टरचा आकार सगळ्यांत मोठ्या गरजेवरून ठरवा. दाब १८० किलोपास्कल, ५००० आरपीएम, इथेनॉलचा वाटा ६० टक्के धरला तर चक्राला ३६ मिलिग्रॅम, म्हणजे ४५.६ मायक्रोलिटर लागतं. चक्र २४ मिलिसेकंदांचं. त्यातले ८० टक्के वापरून, उघडण्याचा एक मिलिसेकंद वजा करून हाती १८ उरतात. गणित मिनिटाला १५२ सीसीवर येतं. ३ बारला १८० ते २०० सीसीचा इंजेक्टर घ्या. ३० टक्के वाट्याला २००० आरपीएमवर त्याची पल्स पाच मिलिसेकंदांच्या जवळ येते, म्हणजे खालच्या टोकालाही नियंत्रण सुटत नाही. मोठा इंजेक्टर घेण्याचा मोह टाळा. इंजेक्टरवरचा आकडा पेट्रोलसारख्या द्रवावर मोजलेला असतो, इथेनॉल जड असल्याने आकारमानात सुमारे तीन टक्के कमी येतं. काटेकोर कामाला चारही इंजेक्टर इथेनॉलवरच, वजन करून तपासा.

पंपाची गरज वरच्या उदाहरणात तासाला २७ लिटर आहे, ३ बारला ६० लिटर देणारा इथेनॉलसाठीचा पंप पुरतो. होज टेफ्लॉनचे, वरून स्टीलची जाळी. ओ-रिंग व्हिटॉनच्या. साधं रबर, कॉर्क, जस्ताचा मुलामा आणि पितळ टाळा. फिल्टर १० मायक्रॉनचा, पण कागदी नको, काचतंतूचा किंवा स्टीलचा.

इंजेक्टर असा बसवा की फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडेल, पोर्टच्या भिंतीवर नाही. दोन इनटेक व्हॉल्व्ह असतील तर दोन फवाऱ्यांचा इंजेक्टर घ्या. अॅडॅप्टर प्लेट बनवण्याआधी मेणबत्तीच्या काजळीने काळ्या केलेल्या व्हॉल्व्हवर बाहेरच एक-दोन पल्स मारून पाहा, फवारा कुठे पडतो ते लगेच कळतं.

ईसीयूची मांडणी

पोर्टची फवारणी व्हॉल्व्ह बंद असताना संपली पाहिजे. गरम व्हॉल्व्ह उष्णता पुरवतो. १० मिलिग्रॅम इथेनॉलला वाफ व्हायला सुमारे ९ ज्यूल लागतात. ती सगळी उष्णता ३०० मिलिग्रॅम हवेतून काढली तर हवा ३० अंशांनी गार होईल आणि उरलेलं इथेनॉल थेंबांच्या रूपातच आत जाईल.

लॅम्डा, म्हणजे आत आलेली हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा, १ वर ठेवा आणि पडदाही लॅम्डातच लावा. पेट्रोलच्या हिशोबाने हवा-इंधन गुणोत्तर दाखवणारा मीटर इथे दिशाभूल करतो. मूळ ईसीयू ठेवून वरून इथेनॉल सोडायचा प्रयत्न अनेक जण करतात. थोड्या वाट्यापर्यंत तो ईसीयू पेट्रोल आपोआप कमी करतो, पण ट्रिमची, म्हणजे या आपोआप दुरुस्तीची, मर्यादा बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास संपते, ‘मिश्रण दाट’ असा पी०१७२ कोड येतो आणि वाचन निरुपयोगी होतं.

थेट पेट्रोलची फवारणी किती आधी सुरू करायची, हा कणांवर सगळ्यांत जास्त परिणाम करणारा आकडा आहे. ३२० अंशांपासून २४० अंशांपर्यंत २० अंशांच्या पायऱ्यांनी जा. फार आधी फवारलं तर पिस्टन जवळ असतो आणि ओला होतो, फार उशीर केला तर मिश्रण नीट होत नाही. मध्ये कुठेतरी कणांची खोल दरी सापडते. इथेनॉलचा वाटा वाढला की पेट्रोलची पल्स लहान होते आणि ही दरी सरकते. नुसत्या पेट्रोलवर सापडलेला आकडा तसाच पुढे ओढू नका, प्रत्येक वाट्याला दरी पुन्हा शोधा.

इंजिन गार असताना आणखी काळजी हवी. इथेनॉलचा बाष्पदाब कमी, म्हणून सुरुवात पेट्रोलवरच करा, फवारणी दोन-तीन तुकड्यांत विभागून. व्हॉल्व्ह कूलंटपेक्षा खूप लवकर तापतात, त्यामुळे कूलंट ९० होईपर्यंत थांबायची गरज नाही. ४० अंशांना १० टक्के, ६० ला पूर्ण वाटा, असा चढ सुरुवातीला पुरेसा सुरक्षित आहे. लोड झटकन वाढतो तेव्हा पोर्टमधल्या ओल्या थरामुळे इथेनॉल मागे पडतं आणि मिश्रण क्षणभर पातळ होतं. ती भर थेट पेट्रोलने काढावी लागते, आणि नेमके तिथेच कण उसळतात. म्हणून चढ सौम्य ठेवा.

मोजणी

धूरमापक, म्हणजे प्रकाश अडवून धूर मोजणारा, इथे उपयोगाचा नाही. कणसंख्या मोजणारा काउंटर हवा, ज्यात गरम सौम्यीकरण (नमुन्यात गरम हवा मिसळून तो विरळ करणं) आणि ३०० ते ४०० अंशांची बाष्पीभवन नळी आहे आणि जो २३ नॅनोमीटरपासून पुढचे घन कण मोजतो. गरम सौम्यीकरण वगळलं तर पाणी आणि न जळलेले घटक थंड होऊन थेंब बनतात आणि काउंटर तेही कण म्हणून मोजतो. इथेनॉलचा वाटा वाढला की कण वाढले, असं सांगणारं वाचन आलं तर सर्वांत आधी हीच जागा तपासा. नळी शक्य तितकी आखूड आणि तापलेली ठेवा. दररोज सुरुवातीला आणि शेवटी एचईपीए फिल्टर लावून शून्य पाहा.

बिंदू असे घ्या: २००० आरपीएमला २, ५ आणि १० बार बीएमईपी (टॉर्कवरून काढलेला सिलिंडरमधला सरासरी प्रभावी दाब). वाटे ०, १०, २०, ३०, ५० टक्के. कूलंट ९०, ऑइल ९०, दोन-तीन अंशांच्या आत. प्रत्येक बिंदूवर किमान तीन मिनिटं स्थिरावू द्या. मागच्या बिंदूवर नळ्यांत बसलेली काजळी लोड बदलताच सुटते आणि आकडा उसळतो. मग दोन मिनिटांची सरासरी, तीन फेऱ्या, क्रम उलटसुलट. दिवसाच्या शेवटी पहिला शून्य वाट्याचा बिंदू पुन्हा घ्या. तो जुळला नाही तर त्या दिवसाची तुलना बाद धरा. पोर्टमधली इथेनॉलची वाफ हवेची साधारण दोन टक्के जागा खाते, त्यामुळे टॉर्क किंचित पडतो. थ्रॉटल थोडा उघडून बीएमईपी समान करा. ज्वलनाचा मध्यबिंदूही टीडीसीनंतर ८ अंशांवर समान ठेवा, स्पार्क पुढे नेण्याची फेरी वेगळी करा.

आता ई४० कडे. फक्त ‘इथेनॉल नाही’ आणि ‘पोर्टमधून इथेनॉल’ अशी तुलना केली तर कण कशामुळे घटले ते कळत नाही. म्हणून चार मांडण्या घ्या: पेट्रोल फक्त थेट, ई४० फक्त थेट, पेट्रोल थेट आणि ३० टक्के पेट्रोलच पोर्टमधून, पेट्रोल थेट आणि ३० टक्के इथेनॉल पोर्टमधून. दुसरी मांडणी इंधनाचा परिणाम दाखवते, तिसरी वाटेचा, चौथी दोन्हींचा. तिसरी वगळण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण कधी कधी अर्ध्याहून जास्त फायदा नुसत्या पोर्टच्या वाटेचा निघू शकतो, आणि ते श्रेय इथेनॉलला दिलं तर निष्कर्ष खोटा ठरतो.

कणांबरोबर अॅसिटाल्डिहाइडही मोजा, एफटीआयआरवर (अवरक्त किरणांनी वायू ओळखणारं उपकरण) किंवा डीएनपीएच कार्ट्रिजवर (अल्डिहाइड पकडणारी रसायनाची नळी). इथेनॉल अर्धवट जळलं की ते वाढतं, आणि हायड्रोकार्बन मोजणारा एफआयडी ऑक्सिजनयुक्त घटक कमी दाखवतो.

काय बिघडतं

पहिले काही तास उत्तम घट, आणि मग कण हळूहळू वाढत जातात. हे दिसलं तर थेट इंजेक्टरच्या टोकाकडे बघा. त्यातून जाणारं पेट्रोल कमी झालं की टोक कमी थंड होतं, तापतं आणि त्यावर कार्बन चढतो. हा सच्छिद्र थर पेट्रोल शोषतो आणि ज्योतीत हळूहळू सोडतो, म्हणजे कणांचा नवा उगम तयार होतो. किमान २५ ते ३० टक्के ऊर्जा थेट पेट्रोलमधून जाऊ द्या, आणि प्रत्येक सत्रात काही मिनिटं पूर्ण थेट पेट्रोलवर चालवा.

लॅम्डा सिलिंडरागणिक डोलतो, तर थेट इंजेक्टरची पल्स फार लहान झाली आहे. सुई पूर्ण उघडण्याआधी मिटते तेव्हा मात्रा दर वेळी वेगळी येते. बऱ्याच इंजेक्टरांत ही सीमा अर्ध्या मिलिसेकंदाच्या खाली असते. रेलचा दाब थोडा उतरवा, पण जपून, कारण दाब उतरला की थेंब मोठे होतात आणि कण परत वाढतात. त्यापेक्षा हलक्या लोडवर इथेनॉलचा वाटा कमी करणं चांगलं.

मोठ्या लोडवर ठिणगीआधीच पेट घेतल्यासारखा दाब दिसला तर तात्काळ लोड काढा. इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही, पण तापलेल्या पृष्ठभागावरून लवकर पेटतं. स्पार्क प्लग एक दर्जा थंड लावा.

ऑइलची पातळी वाढली किंवा झाकणाखाली दुधाळ थर आला, तर गार इंजिनात इथेनॉल लवकर सुरू होतं आहे. चढाचे आकडे वर न्या, आणि ऑइल ९५ अंशांच्या वर वीस मिनिटं ठेवून इथेनॉल उडवून लावा. थर तरीही राहिला तर ऑइल बदला.

बंद करताना शेवटची पाच मिनिटं इथेनॉल तोडून नुसत्या पेट्रोलवर चालवा, म्हणजे पोर्ट आणि व्हॉल्व्ह कोरडे होतात. मग पोर्ट रेलचा दाब सोडा. आठवड्याहून जास्त खंड पडणार असेल तर रेल आणि इंजेक्टर इथेनॉलविरहित पेट्रोलने धुऊन तोंडं बंद करा, आणि टाकीतलं उरलेलं इथेनॉल सीलबंद डब्यात काढून त्यावर तारीख लिहा. पुढच्या सत्राआधी त्याचं पाणी कार्ल फिशर पद्धतीने मोजा. ते आधीच्यापेक्षा वाढलेलं असेल तर आधीच्या वाचनांशी तुलना करण्यासाठी ते वापरू नका.